ब्रूमला राहायला यायचं की नुसतं फिरायला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचं नाशिकचं कुटुंब, सध्या पर्थमध्ये. पत्नी नर्स आहे आणि तिला ब्रूमच्या रुग्णालयात नोकरी मिळते आहे. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. नाशिकहून आई-वडील डिसेंबरात यायचं म्हणतात, वडिलांना मधुमेह आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या उत्तर टोकाला जाऊन राहावं का, आणि आई-वडिलांना तिथे काय दाखवावं?

मी ब्रूममध्ये फार्मासिस्ट आहे, त्याआधी उत्तरेकडच्या डर्बी गावात होतो. माझं उत्तर दोन वाक्यांत सांगतो. आई-वडिलांचं डिसेंबरचं तिकीट काढू नका, त्यांना जुलैत आणा. आणि तुम्ही दोघं मात्र नोव्हेंबरात चार-पाच दिवस येऊन जा, तेही नोकरीच्या कागदावर सही करायच्या आधी.

कारण ब्रूम हे गाव एक नाही, दोन आहेत. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. आकाश निळंशार, दुपारी तीसच्या आसपास, रात्री अंगावर पातळ चादर लागते. केबल बीचवर सूर्यास्ताला उंटांच्या रांगा, हॉटेलं भरलेली, कॅरव्हॅन पार्कात जागा नाही. फोटोत दिसतं ते हे ब्रूम. दुसरं ब्रूम ऑक्टोबरात सुरू होतं. इथले लोक त्याला ‘बिल्ड-अप’ म्हणतात. ढग रोज येतात, विजा चमकतात, पाऊस मात्र पडत नाही. आपल्याकडे मृगाच्या आधी आठ दिवस जीव नकोसा होतो ना, तसे इथे दोन महिने. यावुरू या इथल्या मूळनिवासी समाजाचे ऋतू सहा आहेत आणि या काळाला ते ‘लाजा’ म्हणतात. दोनच हंगाम मानणाऱ्या आम्हा बाहेरच्यांपेक्षा त्यांचा हिशेब खरा वाटतो. मग डिसेंबर-जानेवारीत पाऊस येतो. वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या तुलनेत काहीच नाही. पण तो हप्त्याहप्त्याने पडत नाही. 30 जानेवारी 2018 ला चोवीस तासांत 439 मिमी पडला होता.

जुलैत येऊन गाव आवडलं आणि पहिल्याच मार्चमध्ये सामान बांधून परत गेले, अशी कुटुंबं मी बरीच पाहिली आहेत. नोव्हेंबरात येऊनही ज्यांना गाव आवडतं, ती टिकतात. म्हणून तो आग्रह.

आता समुद्राबद्दल. आपल्यातली कोकणातली मंडळी इथे आली की म्हणतात, समुद्र काय आम्हाला नवा आहे का. महासागर तोच, हे खरं. पण मुंबईत पाच मीटरची भरती म्हटली की टीव्हीवर बातमी होते. ब्रूमला उधाणाला पाणी नऊ-दहा मीटर चढतं-उतरतं, आणि उत्तरेला डर्बीत त्याहून जास्त, जवळजवळ बारा मीटर. हा आकडा नुसता वाचून कळत नाही. टाउन बीचवर सकाळी जेट्टीला पाणी टेकलेलं असतं आणि दुपारी त्याच जागी क्षितिजापर्यंत करडा चिखल, त्यावर खेकडे आणि हजारो पाणपक्षी. ते पक्षी थेट सायबेरियाहून येतात. सहा तासांत नऊ मीटर म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी दर मिनिटाला साधारण चार सेंटिमीटर चढतं. सपाट चिखलावर तेच पाणी आडवं पसरतं आणि तुमच्या मागच्या खाचेतून आधी भरतं. तुम्ही समोर बघत उभे असता आणि परतीची वाट बंद झालेली असते.

केबल बीचचा खडकांच्या उत्तरेकडचा भाग गाड्यांना खुला आहे. दर हंगामात एखादी तरी फोर व्हील ड्राइव्ह गाडी मऊ वाळूत रुतते आणि भरती तिला आत घेऊन जाते. विमा कंपन्या अशा वेळी हात वर करतात. भाड्याच्या गाडीच्या करारात किनाऱ्यावर न्यायची मनाई बहुधा असतेच, तो कागद वाचा. भरतीचं वेळापत्रक फोनवर ठेवा, आणि पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, हे आजीचं ज्ञान इथेही चालतं. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत समुद्र बराच शहाण्यासारखा वागतो.

पोहण्याचं वेगळं. नोव्हेंबर ते मे हा जेलीफिशचा काळ. त्यातली इरुकांजी ही जात नखाएवढी असते, पाण्यात दिसत नाही. डंख फारसा लागत नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. अर्ध्या तासाने कंबर आणि पोट पिळवटून निघतं, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. त्या जागेवर व्हिनेगर भरपूर ओता, चोळू नका, आणि 000 ला फोन करा. घरी जाऊन बघू, असं म्हणू नका. खाड्या आणि कांदळवनांत खाऱ्या पाण्यातली मगर असते, आणि कधीमधी ती केबल बीचवरही येते, मग किनारा बंद करतात. खाडीच्या काठावर मासे साफ करत बसायचं नाही, रोज एकाच जागी पाण्यापाशी जायचं नाही. मगर रोजचा नेम बघून ठेवते.

मासे मात्र तुमच्या ओळखीचे निघतील. इथे ज्याला बारामंडी म्हणतात तो आपला जिताडा, आणि ब्लू थ्रेडफिन म्हणजे रावस. कांदळवनातला मोठा खेकडाही तोच, चिंबोरी. किनाऱ्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, यांत्रिक बोटीतून धरायला लागतो. किती आणि केवढे धरायचे याचे नियम कडक आहेत आणि तपासणी होते.

नोकरीकडे वळतो. पगारावर जाण्याआधी घराचं विचारा. ब्रूममध्ये भाडी पर्थच्या चांगल्या उपनगराच्या तोडीची, आणि घरं मिळतच नाहीत ही खरी अडचण. सरकारी आरोग्यसेवेत नोकरी असेल तर घर देतात का, किती महिन्यांसाठी, कुटुंबासाठी की एकट्या माणसासाठी, हे लेखी घ्या. नर्सना वाटून राहायच्या क्वार्टर्समध्ये खोली मिळणं आणि चौघांना घर मिळणं यात फार फरक आहे. ‘आल्यावर बघू’ या भरवशावर येऊ नका. एक कुटुंब असंच आलं आणि पावसाळा संपेपर्यंत कॅरव्हॅन पार्कात राहिलं. ज्यांनी त्यांना तसा भरवसा दिला होता, त्यांनी नंतर फोन उचलले नाहीत.

तुम्ही 491 व्हिसासाठी, म्हणजे प्रादेशिक भागात राहून काम करायच्या व्हिसासाठी, ब्रूमचा विचार करत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. 2019 च्या शेवटापासून पर्थसुद्धा त्या व्हिसासाठी ‘प्रादेशिक’ भागात मोडतं. म्हणजे केवळ तेवढ्यासाठी बावीसशे किलोमीटर उत्तरेला यायची गरज नाही. दुर्गम भागात राहिल्याबद्दल आयकरात जी सूट मिळते, तिची मूळ रक्कम वर्षाला 338 डॉलर. बिल्ड-अपमधलं एसीचं एका महिन्याचं बिलही त्यात भागत नाही. खरा फायदा दुर्गम भागाच्या भत्त्यांचा, मालकाने दिलेल्या घराचा आणि अनुभवाचा. इथे नर्सला दोन वर्षांत जे हाताळायला मिळतं, ते मोठ्या शहरात दहा वर्षांत मिळत नाही. शिवाय पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारच्या योजनेत नाव नोंदवलं की ब्रूमच्या रहिवाशाला पर्थचं एका बाजूचं विमानभाडं 299 डॉलरच्या वर जात नाही. ही योजना नसती तर अर्धं गाव कधीच रिकामं झालं असतं.

वडिलांच्या मधुमेहाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा माझा रोजचा विषय आहे. त्यांनी तीन महिन्यांपर्यंत पुरेल एवढी औषधं मूळ पाकिटात आणावीत, सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, त्यात औषधाचं शास्त्रीय नाव. भारतातली ब्रँडची नावं इथे कोणालाच कळत नाहीत. काउंटरवर मोकळ्या स्ट्रिपा पसरून ‘ही सकाळची, ही रात्रीची’ असं सांगणारे आजोबा येतात तेव्हा आम्हाला प्रत्येक गोळी शोधून काढावी लागते. इन्सुलिन असेल तर ते उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटंही ठेवायचं नाही. वाया गेलेलं इन्सुलिन दिसायला चांगल्यासारखंच दिसतं, साखर वाढल्यावर कळतं. थंड पेटी घ्या, पण बर्फाच्या विटेला पेन थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिनही टाकूनच द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट मेलिऑयडोसिस. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मातीत एक जिवाणू असतो, पावसाळ्यात तो चिखलासोबत वर येतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा दारूचं व्यसन असणाऱ्याला मात्र न्यूमोनिया होऊन जिवावर बेततं. आपल्या वडीलधाऱ्यांना अंगणात अनवाणी फिरायची, कुंड्यांची माती हाताने कालवायची सवय असते. पावसाळ्यात ते इथे आलेच, तर पायात बंद बूट, हातात मोजे, आणि ताप आला की डॉक्टरांना मधुमेहाबद्दल आणि मातीतल्या कामाबद्दल आधी सांगायचं. डिसेंबरला मी नको म्हणतो त्याचं उकाड्यापेक्षा हे मोठं कारण आहे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यविमा योजना, लागू नाही. ब्रूमचं रुग्णालय चांगलं आहे, पण अँजिओप्लास्टी किंवा मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की पर्थ गाठावं लागतं, बहुतेक वेळा रॉयल फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाने. 1928 पासून ही सेवा चालू आहे आणि इथल्या प्रत्येक घरात तिच्याबद्दल एक तरी गोष्ट असते. म्हणून प्रवासविमा घेताना ‘वैद्यकीय हवाई वाहतूक’ आणि ‘आधीपासूनचे आजार’ हे दोन्ही त्यात आहेत ना, ते बघा. स्वस्तातल्या विम्यात नेमके हेच दोन नसतात. तुमचं म्हणाल तर, 491 वर असाल तर मेडिकेअर मिळतं. 482 वर, म्हणजे मालकाने काढलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, असाल तर भारतीयांना मिळत नाही, खासगी विमा लागतो. मेडिकेअर असलेल्या रहिवाशाला पर्थच्या तज्ज्ञाकडे जायला सरकार प्रवासखर्चात मदत करतं.

खाण्यापिण्याचं फार काळजीचं नाही. दोन मोठी सुपरमार्केट आहेत. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला हे पर्थहून येतानाच भरून आणा, नाहीतर कोणी येणारं-जाणारं बघा. खरा मुद्दा रस्त्याचा. सगळं ट्रकने येतं, आणि रस्ता तुटला की फडताळं रिकामी होतात. 2022 च्या जानेवारीत दक्षिण ऑस्ट्रेलियात पुराने रेल्वेमार्ग वाहून गेला आणि झळ आख्ख्या पश्चिम ऑस्ट्रेलियाला बसली. 2023 च्या जानेवारीत एली चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने फिट्झरॉय क्रॉसिंग या गावाचा पूल गेला, नवा पूल डिसेंबरात झाला. तोवर पूर्वेकडचा मुख्य रस्ता अडखळतच चालला. त्यामुळे पावसाळ्यात घरी दोन आठवड्यांचं धान्य ठेवतात. आपल्या आयांना हे शिकवायला नको. आंबे मात्र अंगणातून. ऑक्टोबरच्या शेवटापासून लोक पिशव्या भरभरून दारात ठेवून जातात. हापूस नव्हे, पण आमरसाला चालतात.

आई-वडील येताना बॅगेतलं सगळं खाणं विमानतळावर जाहीर करू द्या. बिया, कढीपत्त्याची ताजी पानं, खव्याची मिठाई आणूच नका. ‘थोडंसंच आहे’ हे तिथे चालत नाही, दंड मोठा असतो.

चक्रीवादळाचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल. भीती घालायची नाही, घरं त्या वाऱ्याच्या हिशेबाने बांधलेली असतात. तयारी म्हणजे ऑक्टोबरात अंगण साफ करणं. सैल पत्रा, खुर्च्या, ट्रॅम्पोलिन, वाऱ्यात हे सगळं उडत येऊन शेजाऱ्याच्या खिडकीत घुसतं. इशारे तीन पायऱ्यांचे आहेत: ॲडव्हाइस, वॉच अँड ॲक्ट आणि इमर्जन्सी वॉर्निंग. पहिल्या इशाऱ्यालाच पेट्रोल भरा, थोडी रोकड काढा, कारण वीज गेली की कार्ड चालत नाही, आणि औषधं घ्या. दुसऱ्या इशाऱ्याला आमच्या दुकानात रांग दारापर्यंत जाते आणि सगळ्यांना दम्याचे पंप एकाच वेळी हवे असतात.

मुलांबद्दल. पाचवीतल्या मुलाची मजा आहे. इथल्या शाळांत यावुरू भाषा शिकवतात, वर्गात यावुरू, बार्डी, जपानी, मलाय, फिलिपिनो पूर्वजांची मुलं असतात. आठवीतल्या मुलीचा मात्र नीट विचार करा. अकरावी-बारावीला विषयांची निवड मर्यादित असते, आणि कितीतरी घरं त्या वयात मुलांना पर्थच्या वसतिगृहात पाठवतात. म्हणजे तुमच्या हातात तीन वर्षं आहेत असं धरा. शिवाय इथे माणसं फिरती आहेत. पोलीस, शिक्षक, डॉक्टर दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. मुलीची जिवाभावाची मैत्रीण डिसेंबरात निघून जाते, हे दरवर्षीचं दुःख. मोठ्यांनाही ते चुकत नाही.

मराठी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गणपती एकाच्या घरी बसतो आणि त्यात केरळी, नेपाळी, श्रीलंकन सगळे येतात. तेवढ्यावर तुमचं भागणार असेल तरच या. भारतापेक्षा घड्याळ अडीच तासच पुढे असल्याने संध्याकाळी घरी फोन करणं मात्र सोपं.

गावाचा इतिहास माहीत करून घ्या, कारण तो इथे संपलेला नाही. मोत्याच्या शिंपल्यांवर हे गाव उभं राहिलं, शिंपल्यांची बटणं जगभर जायची. सुरुवातीला मूळनिवासी स्त्री-पुरुषांना जबरदस्तीने समुद्रात उतरवलं, नंतर जपानी पाणबुडे आले. जपानी दफनभूमीत 707 कबरींत 919 जण आहेत. 3 मार्च 1942 ला जपानी विमानांनी रोबक बे या इथल्या उपसागरातल्या फ्लाइंग बोटींवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर, हल्ला केला, त्यांत जावाहून पळून आलेली डच कुटुंबं होती, बायका-मुलं होती. त्या फ्लाइंग बोटींचे सांगाडे अगदी खालच्या ओहोटीला अजून दिसतात. त्याच गावात ती कबरस्तानं आणि हे सांगाडे दोन्ही जपलेले आहेत. 2006 मध्ये न्यायालयाने या भूमीवरचा यावुरूंचा हक्क मान्य केला. ब्रूमच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पावरच्या मूळनिवासी वस्त्यांत जायला परवानगी किंवा शुल्क लागतं. मृत्यूचं सुतक असेल तर वस्ती पाहुण्यांना बंद असते, तेव्हा ‘आम्ही इतक्या लांबून आलो’ असं म्हणून वाद घालू नये. न विचारता फोटो काढू नयेत. बऱ्याच वस्त्यांत दारूला बंदी आहे, ब्रूमच्या दुकानांतही दारू घेताना ओळखपत्र तपासतात.

आता आई-वडिलांचा जुलै. पौर्णिमा धरून या. मार्च ते ऑक्टोबर दर पौर्णिमेच्या सुमारास दोन-तीन रात्री ओहोटीच्या ओल्या चिखलावर उगवत्या चंद्राच्या प्रकाशाच्या पायऱ्या दिसतात. टाउन बीचवर त्या रात्री बाजार भरतो, खुर्ची घेऊन जा. गँथॉम पॉइंटला सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, पण ते खाली निसरड्या खडकांवर आणि अगदी खालच्या ओहोटीलाच दिसतात. वडिलांना तिथे उतरवू नका, त्यांची प्रतिकृती वरच ठेवली आहे. सन पिक्चर्स हे 1916 पासूनचं उघड्यावरचं सिनेमागृह. कापडाच्या आरामखुर्चीत बसायचं, मध्येच डोक्यावरून विमान उतरतं आणि संवाद ऐकू येत नाहीत. आईंना सिनेमा नाही आवडला तरी विमान आवडेल.

एक दिवस उत्तरेला बीगल बेला. चर्चच्या वेदीवर शिंपल्यांचं चकाकतं काम आहे, ते पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या लोकांनी आणि जर्मन मिशनऱ्यांनी मिळून केलं. केप लेव्हेकपर्यंतचा मुख्य रस्ता आता डांबरी आहे, 2020 पर्यंत तो तांबड्या मातीचा होता आणि हाडं खिळखिळी करायचा. डर्बीला मोठी बोआबची झाडं बघा. आपल्या गोरखचिंचेची ही सख्खी बहीण, वडील लांबूनच ओळखतील. उंट फिरवून आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मते वाळूत चटई टाकून उंटांकडे बघणं जास्त सुखाचं, आणि फुकट.

गाडीने येणार असाल तर सूर्य मावळल्यावर गावाबाहेर चालवू नका. कुंपण नसल्याने गुरं आणि कांगारू डांबरावर येऊन बसतात, डांबर रात्री गरम असतं. भाड्याच्या बहुतेक गाड्यांचा विमा गावाबाहेर रात्री लागू होत नाही. पुढे चाललेला रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, पन्नास मीटरहून लांब असू शकतो, त्याला ओलांडायला फार मोकळा रस्ता लागतो. पोर्ट हेडलंडहून येताना सँडफायरचा पेट्रोल पंप सोडला की रोबक रोडहाउसपर्यंत जवळजवळ तीनशे किलोमीटर पेट्रोल नाही, आणि मधल्या बहुतेक भागात फोनही लागत नाही. सँडफायरला टाकी अर्धी असली तरी पूर्ण भरा आणि माणशी दहा लिटर पाणी गाडीत ठेवा.

जुलैची राहायची जागा आधीच्या डिसेंबरातच आरक्षित करा. आणि नोव्हेंबरात तुम्ही दोघं आलात, की दुपारी दोन वाजता मुलांच्या होणाऱ्या शाळेपासून मिळणाऱ्या घरापर्यंत एकदा चालून बघा. त्यानंतर मला परत लिहा, पगाराचे आकडे आपण तेव्हा बघू.